लेबलकाका

लग्नघरात सगळ्यांच्या नजरा नवरीच्या तोंडाकडे असतात, लेबलकाकांची नजर तिच्या मेकअप-बॉक्सकडे. एखादी ट्यूब हाती लागली की ते चष्मा कपाळावर चढवतात आणि ट्यूब नाकाला टेकवतात. वास घ्यायला नव्हे, तर मागच्या बाजूला डोळे फोडणाऱ्या अक्षरांत छापलेले घटक वाचायला. पुढच्या बाजूचं तेज, तारुण्य आणि सात दिवसांतला निखार यांच्याशी त्यांना कर्तव्य नाही. "पुढची बाजू जाहिरातवाला लिहितो, मागची केमिस्ट. आपण आपल्या माणसाचं वाचावं."

काकांचं आयुष्य डोंबिवलीच्या एमआयडीसीत, एका रंगाच्या कारखान्यात गेलं. दुपारच्या बॅचची शेड सकाळच्या बॅचशी जुळते का, हे पाहण्यात केस पांढरे झाले. काकूंनी हौसेने नवी साडी दाखवली तर "लाल किंचित जास्त पडलाय" एवढंच बोलून ते पेपरात डोकं घालत. निवृत्तीनंतर शेड तपासायला कारखाना उरला नाही. नातेवाईक मात्र उरले.

बहुतेक प्रत्येक रंगाला जगभर एक पाच आकडी नंबर असतो आणि लेबलवर तो 'सीआय' या अक्षरांपुढे छापतात. काकांना हे नंबर तोंडपाठ आहेत, भाच्यांची नावं नाहीत. "ती नाही का, ठाण्याची, १५८५०वाली?" असं ते विचारतात. काकूंना आता सवय झाली आहे. त्या शांतपणे सांगतात, "तिचं लग्न झालं. हल्ली ४५३८० लावते."

परवाच्या लग्नात नवरीचा मेकअप दोन तास चालला होता. पार्लरवाली फाउंडेशन थोपटत होती आणि काका दारात उभं राहून नव्या सुनेला धीर देत होते. "घाबरू नकोस बाळा. ७७४९१, ७७४९२, ७७४९९. लाल, पिवळा, काळा. तिन्ही आयर्न ऑक्साइड. म्हणजे आपल्या गॅलरीच्या गजांवरचा गंजच, फक्त कारखान्यात शुद्ध करून केलेला. आणि हा पांढरा म्हणजे ७७८९१, टायटॅनियम डायऑक्साइड. तू रत्नागिरीची ना? तुमच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट असतं, त्यापासूनच हा पांढरा करतात. माहेरचंच लेणं समज!" दोन तासांचा मेकअप पाण्यात जाण्याची वेळ आली. काकांना वाटलं, मुलीला माहेर आठवलं.

मावशींची गोष्ट तर घरात अजून दबक्या आवाजात सांगतात. मावशी कडक शाकाहारी, चातुर्मासात कांदा-लसूणसुद्धा वर्ज्य. एकादशीच्या दिवशी देवळात निघाल्या, ओठांवर छान डाळिंबी रंग. काकांनी पर्समधली लिपस्टिक मागून घेतली, चष्मा वर गेला. "७५४७०. कार्माइन. पेरू देशात निवडुंगावर कोचिनील नावाचा किडा वाढवतात. त्याच्या माद्या वाळवून, कुटून हा लाल काढतात." मावशी तशाच बेसिनकडे धावल्या. आठवड्याने त्या मुद्दाम नवी लिपस्टिक घेऊन आल्या आणि काकांसमोर ठेवली. काकांनी लेबल वाचून मान डोलावली. "उत्तम. एकही जीव नाही. खानदान मात्र डांबराचं. हे रंग पहिल्यांदा निघाले ते कोळशाच्या डांबरातून." तेव्हापासून काका समोर असले की मावशी तोंडाला पदर लावतात. लोकांना वाटतं, जुन्या वळणाच्या आहेत.

काकांचा खरा वैरी एक शब्द आहे: केमिकल-फ्री. सोसायटीच्या दिवाळी स्टॉलवर एका ताईंनी घरगुती कुंकू मांडलं होतं आणि पाटी होती, 'यात केमिकल नाही'. काका थांबले. काकूंनी शर्ट ओढला, उपयोग झाला नाही. "ताई, हे केलंत कसं?" "आजीच्या पद्धतीनं काका. हळद, लिंबाचा रस, टाकणखार." "वा! हळदीतलं कुर्क्युमिन आणि टाकणखारातलं बोरॉन, आंबटात गाठ पडली की पिवळ्याचं लाल होतं. आणि केमिकल नाही म्हणता? तुमची आजी फर्स्ट क्लास केमिस्ट होती. पाटीवर तसं लिहा!" ताईंनी पाटी बदलली नाही. काकांनी मात्र कुंकवाच्या चार डब्या घेतल्या. शेड चोख होती.

पण एकदा काका नंबर विसरले होते. शेजारच्या वहिनींच्या कपाळावर, टिकली लावतात तिथेच, टिकलीएवढाच फिकट गोल डाग दिसत होता. वहिनी त्यावर रोज मोठी टिकली लावून तो झाकायच्या. काकांनी चष्मा वर केला नाही. हळूच म्हणाले, "वहिनी, टिकली आजपासून बंद करा. मागच्या गोंदात कधीकधी एक फिनॉल असतं, काहींच्या कातडीचा रंग त्यानं उडतो. आधी स्किनच्या डॉक्टरांना दाखवा." डॉक्टरांनीही तेच सांगितलं. स्टॉलवरच्या चार डब्यांपैकी एक कुठे गेली, हे काकूंना तेव्हा कळलं.

या भांडवलावर उन्हाळ्यात महिला मंडळाने काकांना सनस्क्रीनवर बोलायला बोलावलं. काका इस्त्रीचा शर्ट घालून गेले. "एसपीएफ ३० नीट लावली तर जाळणाऱ्या यूव्हीबी किरणांतले शंभरातले तीन-साडेतीन आत येतात. ५० लावली तर दोन. म्हणजे फरक एक-दीडचा, आणि किमतीतला तुम्ही जाणता. यूव्हीए मात्र खिडकीच्या काचेतूनही येतं, त्यासाठी लेबलवर पीएपुढची अधिक चिन्हं मोजा. झिंक ऑक्साइड ऊन परतवून लावतं म्हणतात, पण अल्ट्राव्हायोलेट ते बहुतेक स्वतःच शोषून घेतं. परतवतं तो दिसणारा उजेड, म्हणून तुम्ही पांढऱ्याफटक दिसता."

मग त्यांनी पिशवीतून ट्यूब काढली आणि तर्जनी-मधल्या बोटावर, मुळापासून टोकापर्यंत दोन जाड रेघा ओढल्या. "एवढी. फक्त चेहऱ्याला आणि मानेला." सभागृहात "अगंबाई!" असा एकच सूर उमटला. "प्रयोगशाळेत एका चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून एसपीएफ मोजतात. तुम्ही लावता त्याच्या निम्मी, पाव. या हिशेबानं ५० ग्रॅमची ट्यूब दिवसातून एकदा लावली तरी सव्वा महिन्यात संपते. तुमची कधीची आहे?" पहिल्या रांगेतल्या बाई पुटपुटल्या, "गेल्या दिवाळीची."

शेवटी एका सुनेने सगळ्यांच्या मनातलं विचारलं. "काका, मग घ्यायची कोणती?"

"एसपीएफ ३० किंवा त्यावरची, पीएची चिन्हं असलेली. आणि त्यातली स्वस्तातली. दोन बोटं लावताना जीव कळवळता कामा नये."

सभागृह हिरमुसलं. बायका कंपनीचं नाव लिहून घ्यायला वही-पेन घेऊन आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यातल्या निम्म्या पार्लरवालीकडे गेल्या. तिने परदेशी ट्यूब दाखवली आणि वाटाण्याएवढी पुरते म्हणून सांगितलं. तिचं मात्र सगळ्यांना पटलं.

काका दोन दिवस खट्टू होते. काकूंनीच त्यांना निदान सांगितलं. "तुमचा सल्ला फुकट, वर पैसे वाचवणारा. अशावर कोण विश्वास ठेवेल? पाचशे रुपये फी लावा."

काकांनी क्षणभर विचार केला. "नुसत्या लेबलचे पाचशे?"

"पुढच्या बाजूचे," काकू म्हणाल्या. "मागची बाजू तुम्ही कितीही वाचून दाखवा, लोक पैसे पुढच्या बाजूलाच देतात."