ढोलाच्या तालावर ताम्हिणी

हरतालिकेच्या रात्री पुण्याहून कोकणात निघणाऱ्या गाडीच्या डिक्कीत काय असावं, याचे काही संकेत आहेत. मखराचं सामान, मोदकपात्र, आणि वर्षभर ज्यांची आठवण येत नाही अशा नातेवाइकांसाठी भाकरवडी. आमच्या डिक्कीत 12 इंची वूफर होता. त्याच्या शेजारी 1000 वॉटचा अँप्लिफायर आणि त्याला चिकटून निळे आकडे दाखवणारा एक दंडगोल. त्यामुळे मोदकपात्र सौ.च्या मांडीवर, मखर ताईच्या मांडीवर आणि भाकरवडी माझ्या पायाशी. गाडी भाच्याची असल्याने तक्रारीला वाव नव्हता.

पिरंगुट, पौड मागे पडेपर्यंत रस्त्यावर दिवे होते. मुळशी सोडल्यावर काळोख आणि पाऊस दोघेही एकदमच गाडीवर आले. भाच्याने मुहूर्त साधून ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग लावलं. ताशा तडतडला तोवर ठीक होतं. ढोलाचा पहिला टोल पडला आणि समोरचा रस्ता गेला. टोल विरला, रस्ता परत आला. मग ढोलपथक रंगात आलं आणि ताम्हिणीचा घाट आम्हाला हप्त्याहप्त्याने दिसू लागला.

“मामा, बेस बघा काय आहे!”

“बेस दिसतोय रे. वळण दिसत नाहीये.”

समोरून एक ट्रक येत होता. आमचे दिवे धडाधड मंद-प्रखर होताना पाहून त्याला वाटलं, आम्ही डिपर देतोय. त्याने सौजन्याने डिपर दिला. आमच्या ढोलाने लगेच उत्तर दिलं. त्याने पुन्हा दिला, आमच्या पथकाने दुप्पट लयीत परतफेड केली. शेवटी बिचाऱ्याने ट्रक कडेला घेतला, काच खाली केली आणि विचारलं, “पुढं काय झालंय? दरड आली का?” ट्रकमागच्या गाड्यांनी डिपरचा प्रचलित अर्थ लावला, म्हणजे पुढे पोलीस उभे आहेत, आणि सगळ्यांनी गुमान सीटबेल्ट लावले. त्या रात्री ताम्हिणीत वाहतुकीची शिस्त आमच्याइतकी कुणी राखली नसेल.

ताईने मागून फर्मान काढलं, “ते बंद कर आणि काहीतरी बरं लाव.” भाच्याने नाइलाजाने भीमसेन जोशींचे अभंग लावले आणि दिवे स्थिर झाले. टाळ वाजला, काही नाही. आलाप चढला, काही नाही. पखवाजाची जड थाप आली तेव्हा मात्र उजेड जरासा लवला. ताईने ही विठ्ठलाची कृपा मानली. खरं कारण असं की मोठा करंट खातो तो खालचा, घुमणारा आवाज. गळा आणि टाळ वूफरच्या वाट्याला जवळजवळ जातच नाहीत.

डोंगरवाडी, विळे, निजामपूर असा घाट आम्ही अभंगांवर उतरलो. माणगावला महामार्गाला लागलो आणि चाकरमान्यांच्या रांगेत सामील झालो. भाच्याची अभंगांची मर्यादा महाडपर्यंत होती. तिथे एका पत्र्याच्या शेडमध्ये वायरमन जागा दिसला. गणपतीच्या आदल्या रात्री महामार्गावरचा वायरमन झोपला, तर कोकणात निम्मे गणपती उशिरा बसतील.

“दादा, गाणी लावली की हेडलाइट मंद होतात,” भाचा म्हणाला. “म्हणून कपॅसिटरसुद्धा बसवला. एक फॅरडचा.”

वायरमनने डिक्की उघडली, निळे आकडे पाहिले आणि जावळ काढलेल्या बाळाच्या डोक्यावरून फिरवावा तसा त्या दंडगोलावरून हात फिरवला. “छान आहे. राहू द्या.” ज्या वस्तूचा काही उपयोग नाही तिच्याविषयी इतक्या प्रेमाने बोलणारा माणूस मी प्रथमच पाहिला.

त्या दंडगोलाचा उपयोग नाही, हे हिशेबाने खरं होतं. एक फॅरडचा कपॅसिटर 14 व्होल्टवरून 12 वर येईपर्यंत साधारण 26 ज्यूल ऊर्जा देतो. 1000 वॉटचं धूड ती सेकंदाच्या चाळिसाव्या भागात फस्त करतं. म्हणजे ढोलाची टिपरी पानावर टेकते न टेकते तोच भाच्याचे काही हजार रुपये संपलेले असतात.

मग त्याने बॉनेट उघडलं आणि मीटरच्या दोन टोच्या बॅटरीला लावल्या. इंजिन चालू, गाणं बंद: 14.1. “लावा तुमचा ढोल.” रात्री दीड वाजता महाडच्या रस्त्यावर ढोल वाजला. आकडा 12 वर आला. पलीकडच्या टपरीवरचे दोघे चहा टाकून मिरवणूक पाहायला आले.

व्होल्टेज सातव्या हिश्शाने घटलं, तर उजेडही तेवढाच घटेल असं आपल्याला वाटतं. हॅलोजनची तार तशी सरळमार्गी नाही. ती थोडी जरी निवली तरी तिचा उजेड भराभर ओसरतो. 14 चे 12 झाले की सुमारे चाळीस टक्के प्रकाश जातो. घाटात आमच्यासमोरून नाहीसा होणारा रस्ता तो हाच.

आता मीटरची एक टोची बॅटरीच्या वजा टोकावर आणि दुसरी इंजिनावर. मध्ये नुसती एक काळी वायर, म्हणजे आकडा शून्याच्या जवळ हवा. ढोल पडला की तो अर्धा व्होल्ट दाखवत होता. वायरमनने अर्थिंगचा बोल्ट सोडला. खाली गंज, त्याखाली रंग, आणि रंगाखाली कुठेतरी गाडी. डिक्कीतल्या अँप्लिफायरचं अर्थिंग तर सरळ रंगावरच पिळलेलं होतं. जाड लाल केबल त्याने टोकाशी खरवडली, तर वर तांब्याचा मुलामा आणि आत अ‍ॅल्युमिनियम निघालं. ताई मागून म्हणाली, “आमच्या वेळी असले दागिने यायचे.”

रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा पांढरा झाला. मग वेल्डिंगची अस्सल तांब्याची केबल कापून तीन जोडण्या नव्या झाल्या: अल्टरनेटर ते बॅटरी, बॅटरी ते बॉडी, इंजिन ते बॉडी. अँप्लिफायरलाही तीच केबल गेली, बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज घालून. वायर कुठे घासली तर गाडी पेटू नये, म्हणून. पुन्हा ढोल. आता बॅटरीवरचा आकडा 13 च्या खाली जाईना. दिवे नुसते पापणी लवल्यासारखे करत होते.

“हेही जायला पाहिजे,” भाचा म्हणाला.

वायरमनने त्याला गणित घातलं. अँप्लिफायर पूर्ण जोरात असला की त्याला एकट्याला 90 अँपियर लागतात. गाडीचा अल्टरनेटर 70 चा, तोही इंजिन पळत असताना. त्यातले पंचवीस-तीस दिवे, वायपर आणि पंख्यालाच जातात. “मोठा अल्टरनेटर घाला, नाहीतर हा कान पिळा.” त्याने अँप्लिफायरचा गेन निम्म्यावर आणला, बेस बूस्ट शून्यावर नेला, आणि पैसे मोजता मोजता तांत्रिक सल्ला दिला: “गाणी दिवसा लावा, रात्री लाइट लावा.”

कशेडीचा बोगदा ओलांडून खेडजवळच्या वाडीत पोचलो तेव्हा उजाडलं होतं. संध्याकाळी मंडळाचा डीजे सुरू झाला आणि दर ठेक्याला अख्ख्या वाडीचे बल्ब पिवळे पडू लागले. भाचा उठलाच. वायर बारीक आहे, अर्थिंग तपासायला हवं, रोहित्र अपुरं आहे, असं निदान करत तो खांबाकडे निघाला. ओटीवरच्या आबांनी त्याला हाक मारली.

“पूर्वी आरतीच्या वेळी पिठाची गिरणी सुरू झाली की असंच व्हायचं. आम्ही काही खांबावर चढलो नाही.”

“मग काय केलंत?”

“गिरणीवाल्याला आरतीला बोलावला.”

भाचा डीजेवाल्याला बोलवायला गेला. मागोमाग सौ.ने दोन मोदक जास्त वाफवायला ठेवले.