तोटा करमुक्त

मंदीत जुन्या गाड्यांचा धंदा तेजीत असतो, असं ज्यांनी तो कधी केला नाही ते सांगतात. विकायला रांग लागते, हे खरं. घ्यायला येणारा बोनेट उघडतो, टायरला लाथ मारतो आणि ‘मेव्हण्याला विचारून सांगतो’ म्हणून जातो. मेव्हणा कधीच हो म्हणत नाही. त्यात २२ सप्टेंबर २०२५पासून नव्या छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आला आणि आमच्या आवारातली प्रत्येक ‘सिंगल ओनर, डॉक्टरांची गाडी’ रातोरात उतरली. (गावात एवढे डॉक्टर आहेत का, विचारू नये.) सरकारनं आम्हालाही वाऱ्यावर सोडलेलं नाही: खरेदी-विक्रीतल्या फरकावर १८ टक्के कर, पण तोट्यात विकली तर छदामही नाही. सध्या आम्ही या सवलतीचा पुरेपूर लाभ घेतो आहोत.