आपल्या घराचं स्मारक कसं करून घ्यावं : नवोदित लेखकांसाठी पहिला धडा

लेखक व्हायला हल्ली काही लागत नाही. पूर्वी निदान कागद लागायचा. पण मेल्यावर आपल्या दाराबाहेर संगमरवरी पाटी बसावी, शाळांच्या सहली याव्यात, पोरांनी काचेला नाक लावून आपला चष्मा बघावा, याला मात्र तयारी लागते. ती तयारी हयातीतच उरकावी लागते, आणि नेमक्या त्याच काळात लेखक मंडळी लिहीत बसतात.

म्हणून हा धडा. काचीगुड्याच्या जुन्या वाड्यात किंवा कुकटपल्लीच्या नवव्या मजल्यावर बसून लिहिणारा हैदराबादी मराठी लेखक इथं डोळ्यांसमोर आहे. इतरांनी गावाचं नाव बदलून घ्यावं. साहित्यगुणांचा विचार इथं केलेला नाही. या कामात ते फारसे आडही येत नाहीत.

१. आधी एक यशस्वी घर बघून या.

नामपल्ली स्टेशनच्या रस्त्यावर ‘गोल्डन थ्रेशोल्ड’ आहे. सरोजिनी नायडूंचं घर म्हणून ते ओळखलं जातं. मुळात ते वडिलांचं, अघोरनाथ चट्टोपाध्यायांचं. हे एडिंबरोचे डी.एस्सी.; त्यांनी हैदराबादेत सुरू केलेल्या कॉलेजातून पुढे निझाम कॉलेज झालं. जाताना वही न्या. कवितेबद्दल काही टिपू नका. मालकी कोणाची होती, वारस कोण, रस्ता किती रुंद आणि आत सध्या कोण बसतं, एवढंच टिपा.

थोरांची घरं नेहमी ‘साधी’ असतात. हैदराबादेत हे सोपं आहे. ज्या शहरात फलकनुमा आहे, तिथं आवार असलेला बंगलाही साधाच ठरतो. तुमच्या वन बीएचकेचीही काळजी नको. शेजारी तीस मजली टॉवर उभा राहिला की ते आपोआप साधं, निगर्वी, सरस्वतीच्या पुत्राला शोभणारं दिसायला लागेल. तोवर फक्त ते पाडू देऊ नका.

२. घराला पुस्तकाचं नाव द्या.

सरोजिनीबाईंचा पहिला महत्त्वाचा कवितासंग्रह १९०५ साली लंडनमध्ये निघाला, आणि घर ओळखलं जातं ते त्या संग्रहाच्या नावाने. ही युक्ती सोन्याच्या भावाची आहे. एक ओळही न वाचलेला माणूस ऑटोवाल्याला तुमच्या पुस्तकाचं नाव सांगतो, ऑटोवाला ‘हौ’ म्हणतो, आणि साहित्याचा प्रसार होतो. तेव्हा ‘मातृछाया’, ‘साईकृपा’ वगैरे पाट्या आजच काढा. मात्र नाव जपून निवडा. ‘कुजलेल्या दुपारी’ हे कथासंग्रहाला शोभून दिसतं. गेटवर लावलंत तर दूधवाला यायचा बंद होईल.

३. घर विकत घ्या.

भाडेकरूंनी मन घट्ट करून हा परिच्छेद वाचावा. लंडनमध्ये भाड्याने राहून गेलेल्या माणसाचीही पाटी लागते. हाउली प्लेसच्या १० नंबरच्या घरावर लोकमान्य टिळकांच्या नावाची पाटी आहे. १९१८-१९ मध्ये ते तिथं राहिले होते. तिथल्या निळ्या पाटीचा एक नियम मनात भरण्यासारखा आहे : माणूस मरून किमान २० वर्षं झाल्याशिवाय नाव विचारात घेत नाहीत. आपल्याकडे तेराव्याला स्मारक समिती बसते आणि वर्षश्राद्धाला तिच्यात फूट पडते. भाड्याच्या घराचं तर नावच काढू नका. ‘इथं अमुक कवी राहत होते’ अशी पाटी लावू द्या म्हटलंत, तर घरमालक आधी वकिलाला फोन लावील. त्याला वाटेल, मेल्यावर कब्जा घेतोय.

४. कविता वेळेवर थांबवा.

हा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी पाळला जाणारा नियम. सरोजिनीबाईंचे संग्रह बघा : १९०५, १९१२, १९१७. त्यानंतर त्यांच्या हयातीत नव्या कवितांचा संग्रह निघाला नाही. पुढचा निघाला तो १९६१ साली, मुलीने संपादित केलेला. मधल्या काळात बाईंनी काय केलं? १९२५ साली कानपूरला काँग्रेसचं अध्यक्षपद भूषवलं, मिठाच्या सत्याग्रहात उतरल्या, तुरुंगात गेल्या, स्वातंत्र्यानंतर संयुक्त प्रांताच्या राज्यपाल झाल्या आणि २ मार्च १९४९ रोजी त्या पदावर असतानाच लखनौला वारल्या.

यावरून प्रमाण काढता येतं. तीन पुस्तकं आणि तीस वर्षं सार्वजनिक आयुष्य, म्हणजे घर शाबूत. तीस पुस्तकं आणि सार्वजनिक आयुष्य शून्य, म्हणजे तुमच्या खोलीत नीटचे क्लासेस. अन्याय आहे, मान्य. पण सरकारी फाईल टेबलावरून टेबलावर सरकते ती छंदोबद्ध आहे म्हणून नव्हे. तुरुंगात जायला वेळ नसेल, तर निदान वॉर्डाची एखादी निवडणूक लढवा. पडलात तरी चालेल, पोस्टर कामाला येतात.

५. नातेवाईक नीट निवडा.

चट्टोपाध्यायांच्या घरात एकटी सरोजिनी नव्हती. आई बंगालीत कविता करायची. एक भाऊ वीरेंद्रनाथ, परदेशात राहून क्रांतिकार्य करणारा. दुसरा हरिंद्रनाथ, कवी आणि नट. ‘बावर्ची’मधले खाष्ट आजोबा म्हणून तो आपल्या आईवडिलांच्या पिढीला पाठ आहे. याला म्हणतात विमा. एकाची कीर्ती ओसरली की दुसऱ्याची उपयोगी पडते. आणि मुलगी पद्मजा १९५६ ते १९६७ पश्चिम बंगालची राज्यपाल. घरात दोन पिढ्यांचे राज्यपाल असले की गळकं छप्पर लौकर दुरुस्त होतं, असा आपला एक अंदाज.

तुमचा मुलगा न्यू जर्सीत आहे. रविवारी व्हिडिओ कॉलवर तो तब्येत विचारतो आणि मग, ‘बाबा, तिकडे स्क्वेअर फुटाला काय रेट चाललाय?’ असंही विचारतो. त्याला दोष देऊ नका. त्याला तुमच्या कादंबऱ्या पाठवत राहा. वाचणार नाही, पण विमानाने पुस्तकं पाठवायला किती पडतात हे बघून वडिलांच्या साहित्याचं वजन त्याच्या लक्षात येईल.

६. घरात एखादी संस्था घुसवा.

रिकामं घर पडतं. ज्या घरात मस्टर आहे, पंखा आहे आणि चहा आणणारा माणूस आहे, ते पडत नाही. १९७४ साली हैदराबाद विद्यापीठ सुरू झालं ते गोल्डन थ्रेशोल्डमध्येच. पुढे विद्यापीठ गच्चीबावलीला जवळपास २,३०० एकरांवर गेलं, तरी हे घर त्याच्याकडेच राहिलं. सरोजिनीबाईंच्या नावाची कला आणि संज्ञापनाची शाखा काही काळ इथं नांदली. नंतर विद्यापीठाचा नाट्यउपक्रम इथं आला. कवयित्रीच्या घरात पोरं मोठ्याने संवाद म्हणतात, चुकतात, पुन्हा म्हणतात. चष्म्याच्या कपाटापेक्षा हे मला कितीतरी बरं वाटतं. पण माझं हे मत अभ्यासक्रमाबाहेरचं आहे, त्यावर प्रश्न येणार नाही.

हैदराबादच्या मराठी माणसाला ही मेख फार आधी कळली होती. त्याने लेखकांची घरं राखण्याच्या भानगडीत न पडता संस्था काढल्या. विवेकवर्धिनी १९०७ पासून चालू आहे. ग्रंथसंग्रहालय आहे, साहित्य परिषद आहे. १९३१ साली ज्ञानकोशकार केतकरांच्या अध्यक्षतेखाली इथं मराठी साहित्य संमेलनही भरलं. त्यात कोण कुठल्या खोलीत उतरलं होतं, याची पाटी कुठे लागली नाही.

७. जमल्यास देवळाजवळ जन्म घ्या.

राहतं घर हातचं गेलं, तरी जन्माचं घर उरतं. केशवसुतांनी मास्तरकी करत मुंबई, फैजपूर, धारवाड अशा जागा पाहिल्या आणि १९०५ साली हुबळीला प्लेगने गेले. स्मारक झालं रत्नागिरी जिल्ह्यात मालगुंडला, जन्मघरी, १९९४ साली. कोकण मराठी साहित्य परिषदेने ते केलं आणि उद्घाटन कुसुमाग्रजांनी. म्हणजे जेमतेम ८९ वर्षं. धीर धरा. तिथं जुनं कोकणी घर निगुतीने राखलं आहे आणि ते खरोखर बघण्यासारखं आहे. पण तज्ज्ञाची नजर दुसरीकडे जाते : मालगुंड गणपतीपुळ्याला खेटून आहे. बस येते, दर्शन होतं, समुद्र होतो, आंबापोळी घेऊन होते, आणि ड्रायव्हर म्हणतो, अजून अर्धा तास आहे. त्या अर्ध्या तासात आधुनिक मराठी कविता. ही सोय किती कवींना लाभते? हैदराबादेत जन्मणाऱ्यांनी यापुढे बिर्ला मंदिराचा पायथा किंवा चारमिनारच्या बांगड्यांची गल्ली धरून ठेवावी.

८. वस्तू आत्तापासून जमवा.

जळगावला बहिणाबाई चौधरींच्या वाड्यात त्यांच्या वापरातल्या वस्तू जपल्या आहेत. बाईंना लिहिता येत नव्हतं. ओव्या घरातल्यांनी टिपून ठेवल्या आणि पुस्तक निघालं १९५२ साली, त्या गेल्यानंतर. तिथल्या जात्यासमोर उभं राहिलं की माणूस गप्प होतो, कारण कविता आणि पीठ एकाच वेळी निघत होतं हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

तुमच्याकडे मिक्सर आहे.

घाबरू नका. चष्मे दोन ठेवा, एक चोरीला जाईल. शाईचं पेन घ्या आणि आठवड्यातून एकदा हातात धरून फोटो काढा. आरामखुर्ची हवीच; तुम्ही कधी बसला नसलात तरी चालेल. स्ट्रॅटफर्डला शेक्सपियरच्या म्हणून दाखवल्या जाणाऱ्या खुर्चीच्या ढलप्या पर्यटकांनी विकत नेल्या. त्याच्या त्या जन्मघराला भाव इतका, की सर्कशीवाला बार्नम ते उचलून अमेरिकेला न्यायला निघाला होता. शेवटी १८४७ च्या लिलावात ३,००० पौंडांना घेऊन इंग्रजांनी ते वाचवलं. तेव्हा खुर्ची सागवानी घ्या, ढलप्या नीट निघतात. लॅपटॉप मात्र ठेवू नका. पासवर्ड कुणाला सापडणार नाही, आणि सापडला तर आणखी वाईट.

९. यादीत नाव घाला, यादीवर विसंबू नका.

हैदराबादेत वारसा इमारतींसाठी ‘नियम १३’ होता. २०१५ साली तो काढून टाकला. २०१७ साली नवा कायदा आला. मधल्या काळात कुठली भिंत पडायची राहिली असेल, तर ती भिंतीची हुशारी.

१०. पाटीचा मजकूर स्वतः लिहून ठेवा.

नाही लिहिलात तर काय होईल ते सांगतो. सर्वांत वर उद्घाटकांचं नाव. खाली प्रमुख पाहुण्यांची चार नावं. मग आमदार, नगरसेवक, ठेकेदार. तुमचं नाव मधल्या ओळीत, ऱ्हस्वदीर्घ चुकवून. शिवाय हैदराबादेत पाटी तेलुगूत, उर्दूत आणि इंग्रजीत असणार. मराठी खाली जागा उरली तर, तीही हिंदी समजून रंगवलेली. तुम्ही ज्या भाषेत आयुष्यभर लिहिलंत, ती तुमच्याच दारात ओशाळून उभी राहील. तेव्हा मजकूर लॅमिनेट करून कपाटात ठेवा. बायकोला दाखवा. तिने हसू आवरलं, तर मजकूर चांगला आहे.

११. काहीच न जमल्यास.

दोन पर्याय आहेत. पहिला कबर. दाग देहलवी निझामाचे उस्ताद होते आणि त्यांच्या नावावर गझलांचा ढीग आहे. तेही १९०५ सालीच हैदराबादेत वारले. आजही नामपल्लीत यूसुफैन दर्ग्याच्या आवारात भेटतात. दिवसभर माणसांचा राबता, ऊद, फुलं, कव्वाली, आणि तिकीट नाही. दुसरा पर्याय लघुग्रह. १९९० साली सापडलेल्या ५६४७ क्रमांकाच्या लघुग्रहाला सरोजिनी नायडूंचं नाव दिलेलं आहे. तिथं पाणी गळत नाही, भाडेकरू नाही आणि पुनर्विकासाचा बोर्ड लावायला बिल्डर अजून पोचलेला नाही.

१२. या रविवारचा गृहपाठ.

आबिड्सला जुन्या पुस्तकांचा फुटपाथ भरतो, तिथं सकाळी जा. इंजिनिअरिंगच्या गाईडांखाली चाचपून बघा, तुमचं एखादं पुस्तक असेल. पहिल्या पानावर तुमच्याच अक्षरात ‘सस्नेह भेट’ असेल, खाली त्या ज्येष्ठ समीक्षकांचं नाव, ज्यांनी फोनवर ‘दोनदा वाचलं’ असं सांगितलं होतं. वाईट वाटून घेऊ नका, पानं उलटून बघा. कुठे दुमडलेलं नसेल, चहाचा डाग नसेल, बांधणी करकरीत असेल. काचेच्या कपाटात ठेवायला इतकी चांगली प्रत तुमच्या स्वतःकडेही नाही. तोंडावर ओळख दाखवू नका, नाहीतर भाव वाढेल. आणि वजनावर देत असेल, तर असतील तेवढ्या सगळ्या घ्या.