क्रूझरेच्छू

हा गृहस्थ साधारण पंचेचाळीस ते पंचावन्न या वयोगटात आढळतो. घराचे हप्ते संपत आलेले असतात, मुलं आपापल्या मोबाइलमध्ये मार्गी लागलेली असतात आणि कोलेस्टेरॉलचा पहिला रिपोर्ट नुकताच हातात पडलेला असतो. अशा मोक्याच्या वेळी एका रात्री जेवताना तो जाहीर करतो, “आता जरा अपग्रेड करावं म्हणतोय.”

घरच्यांना वाटतं, फ्रिजबद्दल बोलतोय. तसं नसतं. दारातली २०२१ सालची, बोट टेकवताच सुरू होणारी, सीटखाली रेनकोट आणि मेथीची जुडी दोन्ही मावणारी स्कूटर विकून त्याला २००९ सालची मोटरसायकल घ्यायची असते.

“म्हणजे अजून बारा वर्षं जुनी?” बायको विचारते.

“जुनी असली म्हणून काय झालं? तेव्हाचा पत्रा बघ!”

बघायला पत्रा अजून समोर आलेला नसतो. तो यायला पुढे काही वर्षं जायची असतात.

सुरुवात नेहमी अ‍ॅव्हेंजरपासून होते. पुण्याच्या माणसाच्या बाबतीत ते साहजिकच आहे, बजाजचं घरच आकुर्डीला. २००१ साली बजाजने कावासाकीचं इंजिन घालून एलिमिनेटर काढली. ती मध्यमवर्गाच्या खिशाला झेपेना, तेव्हा २००५ साली तोच थाट ठेवून आत पल्सरचं इंजिन बसवलं आणि नाव दिलं अ‍ॅव्हेंजर. २०१० मध्ये ती २२० सीसीची झाली. बुटकी सीट, पुढे पसरलेले पाय, रुंद हँडल, म्हणजेच क्रूझर. ही गाडी चालवताना देव झाल्यासारखं वाटेल, अशी कंपनीची जाहिरात असायची. आपल्या गृहस्थाला देव व्हायची घाई नसते, पाठ दुखू नये एवढंच त्याचं मागणं असतं.

माझं प्रामाणिक मत विचाराल तर त्याने इथेच थांबावं. बरी राखलेली अ‍ॅव्हेंजर २२० घ्यावी, चेन-स्प्रॉकेट नवं टाकावं आणि सुखाने हिंडावं. कोपऱ्यावरचा कुठलाही मेस्त्री ती उघडतो, आणि नाना पेठेत तिचा पार्ट मिळाला नाही असं सहसा होत नाही. पण नेमकं हेच त्याला खटकतं. “पार्ट काय, कुणालाही मिळतात,” तो म्हणतो. जी गाडी दुरुस्त करायला ओळख लागत नाही, ती गाडी त्याच्या लेखी किराणा मालात जमा.

मग तो बुलेटच्या घराण्यातल्या थंडरबर्डकडे वळतो आणि इथून त्याच्या अपग्रेडची दिशा स्पष्ट होते: प्रत्येक पायरीवर गाडीचं वय वाढतं आणि सोय कमी होते. २००८-०९ च्या सुमाराची ट्विनस्पार्क बघतो. इंजिन आणि गियरबॉक्स एकाच पेटीत, बटण दाबलं की सुरू, खाली ऑइलचा थेंब नाही. “चांगली आहे, पण आत्मा नाही.” मग २००२ ची, ऑस्ट्रियातल्या एव्हीएल कंपनीच्या मदतीने केलेलं अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन असलेली. तिच्यात थोडा आत्मा सापडतो, पण “ती धड इकडची नाही, धड तिकडची नाही.” शेवटी तो पोचतो कास्ट आयर्नला, म्हणजे जुन्या बुलेटला. तिथे सेल्फ नाही, पेट्रोलचा काटा नाही, गियर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. इथे मात्र आत्मा इतका असतो की तो इंजिनाच्या सांध्यासांध्यातून बाहेर गळत असतो.

मधेच कुणीतरी शंका काढतो, की बुलेट ही मुळात क्रूझर आहे का? बुलेटवर माणूस खुर्चीत बसल्यासारखा ताठ बसतो. या शंकेवर आमच्या चहाच्या टपरीवर अख्खा श्रावण गेला. क्रूझरेच्छूने दिलेला निकाल असा: “जी गाडी घाईत चालवता येत नाही, ती क्रूझर.” या न्यायाने पीएमपीची बसही क्रूझर ठरते, पण ते कुणी बोललं नाही. ज्याने चहाचे पैसे दिले, त्याचं म्हणणं ऐकून घ्यायची पद्धत आहे.

बुलेटच्या मूळ, इंग्लंडातल्या रेडिचच्या कारखान्याला टाळं लागून अर्धशतक उलटलं आणि मद्रासला १९५५ पासून जोडायला घेतलेली तीच गाडी अजून चालूच आहे, ही हकिकत तो इतक्या अभिमानाने सांगतो, की ऐकणाऱ्याला वाटावं याचे आजोबा तिथे फोरमन होते. आजोबा इरिगेशनमध्ये होते. पुण्याच्याच कायनेटिकने कोरियाच्या ह्योसंगची अक्विला नावाची व्ही-ट्विन क्रूझर थोडे दिवस विकली होती, हेही त्याला तोंडपाठ असतं. ती रस्त्यावर दिसत नाही, हा त्याच्या मते तिचा सर्वात मोठा गुण.

गाडी बघायला जाणं हा त्याचा खरा रविवार. सोबत एक माणूस लागतो. तो बहुतेक वेळा मी असतो.

विकणाऱ्याला आदल्या दिवशी फोनवर ताकीद दिलेली असते, “मी येईपर्यंत गाडी अजिबात चालू करायची नाही.” पोचल्यावर नमस्कार-चमत्कार नाही, पाणी नाही, सरळ गाडीपाशी जाऊन इंजिनाच्या पात्यांवर उलटा तळहात टेकवायचा. गरम लागलं, की समजायचं बेट्याने आधीच सुरू करून ठेवली आहे, थंड असताना सुरू व्हायला त्रास देत असणार.

“गरम आहे.”

“उन्हात उभी होती सर.”

आम्ही भोसरीच्या एका इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये उभे असतो.

“डॉक्टरांची गाडी आहे सर,” विकणारा विषय बदलतो. “फक्त रविवारी काढायचे.” सेकंड हँड बाजारात येणाऱ्या निम्म्या मोटरसायकली डॉक्टरांच्या असतात, उरलेल्या निम्म्या मिलिटरीवाल्यांच्या. सामान्य माणूस, जो रोज गाडी ऑफिसला नेतो, खड्ड्यात घालतो आणि ऑइल बदलायचं विसरतो, त्याची गाडी कुठे जाते कुणास ठाऊक.

क्रूझरेच्छू तोवर गुडघ्यावर बसलेला असतो. टायरच्या कडेला लंबगोलात कोरलेले चार आकडे तो बोट फिरवून वाचतो. २३१४. म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. मग मीटर, मग पाय ठेवायच्या दांडीवरचं रबर. मीटर अठरा हजार सांगत असतं. रबराच्या रेघा पार झिजून ते आरशासारखं गुळगुळीत झालेलं असतं.

“मीटर अठरा म्हणतं, रबर ऐंशी म्हणतं,” तो उठत म्हणतो. “मी रबराचं ऐकतो.”

नंतर टाकीचं झाकण उघडून मोबाइलच्या उजेडात आत गंज शोधणं. हँडल डावी-उजवीकडे फिरवून कोनसेट अडखळतो का बघणं. चेसिसचा नंबर आर.सी.वरच्या नंबराशी अक्षर अक्षर ताडून घेणं. सर्वात शेवटी गाडी सुरू करून सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरा रुमाल धरणं. निळसर धूर आला तर ऑइल जळतंय, रिंगा गेल्या, बोअर-पिस्टनचा खर्च. काळा आला तर कार्बोरेटर पेट्रोल जास्त पाजतोय, ते किरकोळ. रुमाल माझा असतो.

सगळं झाल्यावर विकणारा आशेने विचारतो, “मग सर, किती म्हणता?”

“बघतो. अजून दोन बघायच्यात.”

ही सगळी परीक्षा तो इतकी चोख घेतो, की त्याच्या शब्दावर इतरांनी गाड्या घेतल्या. त्याच्या मेव्हण्याने घेतली, ऑफिसातल्या शिपायाने घेतली. दोघांच्याही छान चालतात. त्याने मात्र घेतलेली नसते, कारण पुढच्या रविवारची गाडी नेहमीच या रविवारच्या गाडीपेक्षा बरी असते.

आणि घेऊन चालवणार कुठे? क्रूझर घडली ती अमेरिकेतल्या लांब, सरळ, रिकाम्या रस्त्यांसाठी. महाराष्ट्रात तसे ठळक रस्ते दोन: मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग. दोन्हींवर दुचाकीला बंदी. उरला सिंहगड रोड. तिथे पुढे पाय पसरून बसण्याचा मोठा तोटा कळतो. साध्या मोटरसायकलवर खड्डा दिसला की माणूस पायावर भार देऊन सीटवरून किंचित उठतो. पाय पुढे असले की उठताच येत नाही, आणि पुणे महानगरपालिकेचा प्रत्येक गतिरोधक थेट माकडहाडाला येऊन भेटतो. हे त्याला माहीत असतं. पण लेह-लडाखचा नकाशा त्याने कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो आणि माकडहाडाचं दुखणं नकाशात दिसत नाही.

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र त्याला तोड नाही. कर्जाचा बोजा उतरवलाय का, दुसऱ्या जिल्ह्याची असेल तर एन.ओ.सी. आहे का, पंधरा वर्षांपुढची असेल तर रीपासिंग आणि पर्यावरण कर, सगळं पाठ. एप्रिल २०२२ पासून दुचाकीच्या रीपासिंगची फी तीनशेवरून हजारावर गेली, हे सांगताना त्याचा आवाज अजून जड होतो. त्याहून मोठं दुःख नंबरप्लेटचं. एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची झाली. नटबोल्टपासून हेडलाइटच्या काचेपर्यंत शंभर टक्के ओरिजिनल गाडी शोधायची आणि तिच्या कपाळावर होलोग्राम चिकटवलेली कोरी पाटी लावायची!

आमच्या सोसायटीतल्या क्रूझरेच्छूने मात्र गेल्या दिवाळीत खरोखरच गाडी घेतली. १९९८ ची कास्ट आयर्न. धुराचा रंग मी पाहिला होता, त्याबद्दल त्याने मला काही विचारलं नाही. नवी असताना जेवढ्याला मिळाली असती त्यापेक्षा जास्त मोजले, आणि ते भूषण म्हणून सांगितले.

सकाळी सातला सोसायटी जागी होते. आधी पेट्रोलचा कॉक उघडायचा. चावी फिरवली की अँपिअरच्या काट्याकडे डोळे लावून किक हळूहळू दाबत न्यायची. काटा मधोमध आला की डिकॉम्प्रेसरची दांडी ओढून किक आणखी किंचित पुढे न्यायची, दांडी सोडायची, किक वर येऊ द्यायची आणि मग एकच सणसणीत लाथ. चुकली तर किक उलटी येते आणि पुढचा आठवडा माणूस जिना एकेक पायरी मोजत चढतो. रस्त्यावर आणखी गंमत. कॉलेजपासून उजव्या पायाला ब्रेकची सवय, इथे उजव्या पायाला गियर, आणि दाबला की वरचा गियर पडतो. म्हणजे समोर म्हैस आली आणि याने घाबरून ब्रेक मारला, की गाडी वरच्या गियरमध्ये जाते.

बायको आता फोनवर फार प्रश्न विचारत नाही. “लोकेशन नका पाठवू,” ती म्हणते, “कुठल्या गॅरेजसमोर आहात तेवढं सांगा.”

परवा तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा खाली आला. पहिला पगार झालेला, डोक्यात क्रूझरचं वारं. “काका, मी कुठली घेऊ?”

“तू ना, सरळ शोरूममधून मीटिऑर घे,” क्रूझरेच्छू क्षणाचाही विचार न करता म्हणाला. “बटण दाबलं की सुरू. वॉरंटी असते. जुन्याच्या भानगडीत पडू नकोस.”

“मग तुम्ही का नाही घेतली?”

क्रूझरेच्छू त्या वेळी बुलेटच्या पोटाखाली पुठ्ठा सरकवत होता. फरशीवर ऑइल पडतं म्हणून सेक्रेटरींची चिठ्ठी आली होती.

“जरा तो कोपरा धर रे,” तो म्हणाला. “आणि तुझ्याकडे पांढरा रुमाल आहे का?”