जिभेचं वजन

मिशिगनमध्ये ११ हजारांहून जास्त तळी आहेत. एवढं पाणी भोवती असल्यावर डेट्रॉइटकडच्या मराठी मंडळींपैकी कुणीतरी एक दिवस बोट घेतोच. आमच्या ट्रेलरभाऊंनीही घेतली. जन्म कोरेगावचा, नोकरी मोटारींच्या कारखान्यात, आणि लहानपणी पाणी पाहिलं ते पाटाचं. बोट पसंत करायला त्यांना एक दुपार पुरली. ट्रेलर ठरवायला दोन वर्षं लागली.

लग्नाची यादी करावी तशी त्यांनी वजनांची यादी केली. इंजिनासकट बोट ४,२०० पौंड. पेट्रोल ७० गॅलन, गॅलनला ६ पौंड धरून ४२०. नांगर, दोर, लाइफजॅकेटं, बर्फाचा डबा मिळून ३००. ट्रेलरचे स्वतःचे १,४००. बेरीज ६,३२०. "विकणारा टाकी कोरडी धरून वजन सांगतो," ते बजावतात, "आणि आपण निघतो टाकी भरून!" म्हणून ३,५०० पौंडांचे दोन ॲक्सल, म्हणजे ७,००० ची ऐपत. अंथरूण पाहून पाय पसरणारे हे नव्हेत. पाय मोजून अंथरूण घेणारे.

गणपतीच्या आरतीनंतर कुणी सहज विचारतं, "काय, बोट कशी आहे?" उत्तर गॅल्व्हनाइज्ड सांगाड्यापासून सुरू होतं. "तळ्याचं पाणी गोडं हो, पण हिवाळ्यात रस्त्यावर मीठ ओततात, त्याचं काय?" मोदक संपतात तेव्हा गाडी ब्रेकपर्यंत आलेली असते. "आपण ब्रेक दाबला की ट्रेलर मागून रेटतो. त्या रेट्यानंच त्याचा स्वतःचा ब्रेक लागतो. म्हणजे ज्याचा त्रास, त्याचाच इलाज!" विचारणारा एव्हाना चपला शोधत असतो.

पण भाऊंचा खरा विषय म्हणजे जीभ. ट्रेलरचा पुढचा दांडा गाडीच्या हुकावर टेकतो, त्याला इंग्रजीत जीभच म्हणतात. एकूण वजनाचा साधारण दहावा भाग तिथं पडायला हवा. "जिभेला वजन नसलं की माणूस काय, ट्रेलरही वाकडातिकडा चालतो," हे त्यांचं सुभाषित. ते वजन मोजायला भाऊंनी न्हाणीघरातला काटा गॅरेजात नेला. काट्याचा जीव लहान, म्हणून फळीचं एक टोक नळीवर, दुसरं काट्यावर, आणि नळीपासून एक तृतीयांश अंतरावर दांडा टेकवला. काटा म्हणाला २१०. भाऊंनी तीननं गुणलं: ६३०! आनंदानं त्यांनी वहिनींना हाक मारली. वहिनी त्या काट्यावर पुन्हा कधी चढल्या नाहीत. आपलंही तीननं गुणतील, ही धास्ती.

परवा त्यांच्याबरोबर लेक सेंट क्लेअरला गेलो. निघण्यापूर्वी भाऊंनी दोन्ही साखळ्या दांड्याखालून फुलीसारख्या ओवल्या. हुक सुटलाच तर दांडा रस्त्यावर न आपटता या झोळीत पडावा म्हणून. पोचल्यावर वाटलं, आता पाण्यात. छे! भाऊ खाली बसले आणि तापलेल्या बाळाच्या कपाळाला लावावा तसा प्रत्येक चाकाच्या तुंब्याला हात लावला. "गरम तुंबा गार पाण्यात गेला की पाणी आत ओढून घेतो. बेअरिंग खलास." मग वीस मिनिटं थालीपीठ. मग दिव्यांची वायर काढणं, बुडाचं बूच तपासणं, मागचे पट्टे सोडणं.

मग रिव्हर्स. स्टिअरिंगच्या तळाशी हात. हात जिकडे, ट्रेलरचं बूड तिकडे.

"अहो, उजवीकडे!"

"कुणाच्या उजवीकडे?"

"माझ्या!"

"तू तोंड कुठं करून उभी आहेस?"

मागे रांगेत चार पिकअप. पण ट्रेलर असा सरळ उतरला, की रांगेतल्या एकानं टोपी काढली.

वहिनी आणि मुलं बोटीत चढली, इंजिन घुरघुरलं. भाऊ मात्र रिकामा ट्रेलर घेऊन वर निघाले, तो पाण्यातून निथळत येताना आरशात डोळे भरून बघत. मी वहिनींना ओरडून विचारलं, "ते येत नाहीत?"

सुकाणू वळवत वहिनी म्हणाल्या, "त्यांना ओढण्याची हौस, मला हाकण्याची. म्हणून तर पंचवीस वर्षं टिकलंय!"