सगळ्यांच्या मामाची सिएरा

२०२५च्या अखेरीला टाटांनी सिएरा पुन्हा बाजारात आणली आणि महाराष्ट्रात एकाएकी मामांचं पीक आलं. ज्याला विचारावं त्याच्या मामाकडे जुनी सिएरा होती. कुणाचा मामा नाशकात कंत्राटदार, कुणाचा तासगावात द्राक्षबागायतदार, कुणाचा कोल्हापुरात नुसताच मामा. हे सगळे मामा त्या काळी खरोखर पैसे मोजून आले असते, तर २००३पर्यंत ती गाडी गुंडाळायची वेळ कंपनीवर आलीच नसती. माझा अंदाज असा, की मामांनी शोरूममध्ये जाऊन काचेला नाक लावलं, "काय गाडी आहे राव!" म्हणाले आणि थोड्या वर्षांनी सुमो घेतली.

ज्यांनी खरंच घेतली ते आज गप्प आहेत. त्यांच्यावर आभाळ कोसळलंय, कारण त्यांची गाडी आता सगळ्यांना आवडते.

हे दुःख कळायला थोडं मागे जावं लागेल. १९९१ साल. टाटा मोटर्सचं नाव तेव्हा टेल्को होतं आणि टेल्को म्हणजे मालट्रक. १९८८मध्ये त्यांनी टाटामोबाइल नावाची पिकअप काढली होती. तिच्याच चासीवर पिंपरीत सिएरा उभी राहिली. आत एसी, पॉवर विंडो, पुढेमागे न होणारं पण वरखाली होणारं स्टीअरिंग, इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा. तो काटा नक्की कशासाठी हे मालकालाही माहीत नव्हतं, पण पाहुण्यांना दाखवायला बरा होता. एका सिएराच्या पैशात दोन मारुती ८०० आल्या असत्या, आणि दोन्हींना मिळून दारंही जास्त आली असती. कारण सिएराला दारं तीन. दोन पुढे, एक मागे सामानाला. गाडी घेताना ज्या देशात पहिला प्रश्न "मागे किती बसतात?" असा असतो, तिथे टेल्कोनं मागच्या माणसाला दारच दिलं नाही. पुढची सीट पाडायची, पदर सावरायचा, एक पाय आत, मग डोकं, मग राहिलेली आजी.

आत गेलेल्या आजीसमोर ती सुप्रसिद्ध काच. मागच्या बाजूची ही काच खांद्यापासून निघून वळत वळत थेट छतावर चढायची. बाहेरून गाडी विलायती दिसायची. आतून मात्र काच उघडत नसे. कायमची बंद. मे महिन्यात सोलापूरच्या रस्त्यावर एसी रुसला, की मागची मंडळी मत्स्यालयातल्या माशांसारखी तोंडं उघडमीट करत पुढच्यांकडे बघायची.

१९९४मध्ये त्याच कंपनीनं सुमो काढली आणि प्रश्न मिटला. दहा माणसं, भरपूर दारं, काचा उघडणाऱ्या. सुमो वडापला लागली, निवडणुकीत धावली, शिर्डीला गेली, वऱ्हाडात नाचली. तीन दारांच्या सिएराला वडापवाल्यानं विचारलं नाही, नेत्यानं विचारलं नाही. नेत्याचं तर बरोबरच होतं. मागे बसलेल्या कार्यकर्त्याला वेळेवर उतरून पुढचं दार उघडता आलं नसतं.

राहिला तो निष्ठावंत. इंजिन १९४८ सीसीचं डिझेल, ताकद साठ-पासष्ट घोड्यांची, आणि ओढायचं धूड टनभराच्या वर. कुठल्याही जुन्या सिएराच्या घरात घाटातला हा संवाद पाठ असतो.

"अहो, एसी बंद केलात का?"

"घाट लागलाय."

"मुलं उकडून निघाली मागे."

"खंबाटकी संपू दे."

या संवादाला पस्तीस वर्षं होत आली. मागची मुलं मोठी होऊन परदेशी गेली, पण एसी अजूनही चढाला बंद होतो. पुढे टर्बो इंजिन आलं तेव्हा निम्म्या निष्ठावंतांनी तोंड वाकडं केलं. त्यांच्या मते टर्बोवाल्यांनी गाडीचा सोपा भाग घेतला. चढावर ट्रक मागून हॉर्न देतोय, आजी देवाचं नाव घेतेय आणि तुम्ही दुसऱ्या गिअरमध्ये शांत आहात, ही साधना टर्बोत कुठून येणार?

निष्ठावंताची दुसरी खूण म्हणजे तो बोनेटवर बोटं वाजवून दाखवतो. "पत्रा बघा. आता असा पत्रा येत नाही." पत्रा खरंच जाड आहे. जिथे उरलाय तिथे. दाराच्या खालच्या कडेला गंजाला बहुधा हे कुणी सांगितलेलं नसतं. मागे पाटे आहेत, त्यामुळे प्रत्येक खड्डा प्रवाशाला वैयक्तिकरीत्या कळवला जातो. त्यावर उत्तर ठरलेलं, "रस्ता कळला पाहिजे माणसाला." मागच्या दारावर टांगलेल्या स्टेपनीच्या वजनानं बिजागरी लोंबते, दार उचलून लावावं लागतं. "त्याला हात सवयीचा लागतो." सवयीचा हात घरात एकाचाच असतो. इतरांनी दार लावलं की ते उघडं राहतं आणि निष्ठावंताला आतून फार बरं वाटतं.

पार्टची चिंता फारशी नाही. खालचा बराचसा संसार पिकअपशी जुळणारा, त्यामुळे नाना पेठेत किंवा कुर्ल्याला कुठल्या तरी दुकानाच्या माळ्यावर काहीतरी निघतंच. मेस्त्रीचाही हात टाटाच्याच २०७ टेम्पोवर बसलेला असतो. गाडी उघडून तो "टेम्पोच आहे की" म्हणतो. हे वाक्य निष्ठावंत घरी सांगत नाही.

चिंता आहे ती काचेची. ती वळणारी बाजूची काच दुसऱ्या कुठल्याच गाडीला नाही, त्यामुळे ती फुटली की संपलं. सोसायटीत मुलं क्रिकेट खेळायला उतरली, की दुसऱ्या मजल्यावर एक पडदा बाजूला होतो. ऑफ साइडला फटके मारायचे नाहीत हा आमच्या भागातल्या कित्येक सोसायट्यांचा नियम एका सिएरामुळे झालाय, आणि पुढची पिढी सगळी लेगला चांगली खेळते. ज्याच्याकडे जादा काच आहे तो माणूस या मंडळींत संस्थानिकासारखा वावरतो. ती काच पलंगाखाली गोधडीत असते. घरात पाहुणे आले तर पाहुणे जमिनीवर झोपतात, कारण पलंग हलवायचा नसतो.

सरकारनंही या निष्ठेची परीक्षा घ्यायची शर्थ केलीय. पंधरा वर्षं झाली की फेरनोंदणी. तिची फी ६०० रुपये होती, ती एप्रिल २०२२पासून ५,००० झाली. वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२५मध्ये १०,००० झाली. वर पर्यावरण कर. दिल्लीत तर इतक्या जुन्या डिझेल गाडीला रस्ताच बंद. मग कुणीतरी सुचवतं, व्हिंटेजमध्ये घाला की. तिकडेही दार नाही. २०२१च्या नियमानुसार व्हिंटेज ठरायला पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं व्हावी लागतात, आणि गाडी मूळ रूपात लागते. म्हणजे अगदी पहिल्या सिएरालाही २०४१ उजाडायला हवं. भंगाराला म्हातारी, सन्मानाला कोवळी! पन्नाशी ओलांडलेल्या मालकांना गाडीचं हे वय फार ओळखीचं वाटतं, म्हणून ते फी भरतात. तोवर गाडीत मूळ किती उरेल, हा प्रश्न आरटीओनं विचारायचा असतो, आपण नाही.

एवढं सगळं सोसलं ते कशाच्या बळावर? लोकांच्या दुर्लक्षाच्या. पेट्रोल पंपावर पोरगं विचारायचं, "काका, ही कुठली गाडी?" आणि काका पंधरा मिनिटं सांगायचे. मागे रांग लागायची. जगाला कळलं नाही ते आपल्याला १९९१ सालीच कळलं होतं, हा आनंद लिटरमागे किती किलोमीटर पडतो हे कुणी मोजत नाही.

आणि आता नवी सिएरा आली. आली तेव्हा किंमत ११.४९ लाखांपासून, वरच्या मॉडेलांत डॅशबोर्डवर तीन पडदे, तो काचेचा वळसा आठवणीपुरता ठेवलेला आणि दारं पाच. पाच! आजी सरळ चालत आत जाते. जाहिरातींत जुन्या गाडीचं कौतुक, बुकिंगला झुंबड, आणि पंपावरचं पोरगं आता म्हणतं, "काका, जुनी सिएरा ना? माझ्या मामाकडे होती." पंधरा मिनिटांचं भाषण काकांच्या घशात अडकतं. वर शेजारी खिडकीतून विचारतो, "आता नवी घेणार असाल तुम्ही?" पस्तीस वर्षं ज्यानं "अजून विकली नाहीत?" एवढंच विचारलं होतं, त्याचा हा प्रश्न. काका त्या दिवशी जेवताना कुणाशी बोलले नाहीत असं म्हणतात.

यावर निष्ठावंतांच्या गोटात बरीच खलबतं झाली. नव्या मालकांना आपल्यात घ्यायचं की नाही यावर दोन तट पडले. अखेर तडजोड निघाली आहे. नव्या सिएरावाल्यांना प्रवेश मिळेल, पण रीतसर. आधी कंपनीनं ही गाडी बंद करावी. मग दहा वर्षं जावीत. शोरूमवाल्यानं "हा पार्ट आता येत नाही" असं लेखी द्यावं. मेस्त्रीनं निदान एकदा गाडीला टेम्पो म्हणावं. शेजाऱ्यानं हसावं आणि घरच्यांनी घाटात एकदा तरी उतरून चालत यावं. त्यानंतर अर्ज करावा. मामाचा दाखला चालणार नाही.