कलम 111 चे अण्णा

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या कुठल्याही गल्लीत शिरा, एक तरी अण्णा भेटतातच. शाहू महाराजांनी गुळाच्या व्यापारासाठी ही पेठ वसवली. पुढे गूळ मार्केट यार्डात गेला आणि रिकाम्या वखारीत अण्णांच्या वडिलांनी पहिला लेथ बसवला. 1948 च्या कारखाने अधिनियमाने वीज वापरणाऱ्या जागेला 10 कामगारांपासून कारखाना मानलं, म्हणून थोरले मालक नवव्या माणसावर थांबले. नव्या कामगार संहितेनं तोच आकडा 20 वर नेला, अण्णा एकोणिसाव्यावर थांबले. विसावा माणूस आहे, पण तो ‘पाहुणा’ आहे. हा पाहुणा रोज सकाळी आठला डबा घेऊन येतो आणि दिवसभर ड्रिलिंग मशीनवर असतो.

अण्णांना कायदा कळत नाही असं समजून कुणी त्यांच्याशी पैज लावू नये. जुन्या अधिनियमात 120 कलमं. त्यातलं 111 वं त्यांना तोंडपाठ आहे, कारण त्यात कामगारानं काय करू नये ते लिहिलंय. त्याला लागूनच 111-अ आहे. भोपाळच्या वायुकांडानंतर 1987 च्या दुरुस्तीत ते आलं. सुरक्षिततेची माहिती आणि प्रशिक्षण मिळवण्याचा कामगाराचा हक्क त्यात आहे. अण्णांच्या प्रतीत त्या पानावर चहाचा कप ठेवलेला असतो.

बाकीची कलमंही ते पाळतात, आपल्या पद्धतीनं. 21 व्या कलमानं यंत्राच्या धोकादायक भागांना भक्कम संरक्षण घालायची जबाबदारी टाकली होती. अण्णांकडे लेथची जाळी आहे. भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली आहे. खंडेनवमीला तिला हळदकुंकू आणि झेंडूची माळ मिळते. “जाळी लावली की बर काढताना खोळंबा होतोय. आणि हाय न्हवं जाळी? न्हाई म्हणून दाखवा!” हेल्मेटं कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीसकट. वापरली तर मळतील आणि साहेब आल्यावर काय दाखवायचं? प्रथमोपचाराच्या पेटीला कुलूप, किल्ली अण्णांच्या खिशात आणि अण्णा दुपारी घरी जेवायला. तोवर बोट कापलंच तर मिस्त्रींच्या डब्यात हळदीची पुडी असते. वाळूच्या लाल बादलीवर ‘आग’ लिहिलंय, आत माव्याच्या पिचकाऱ्या आहेत. अग्निशामकाची मुदत कधी संपली ते कुणाला आठवत नाही. दारावरचं लिंबू-मिरची मात्र दर शनिवारी नवं.

4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन. 1966 साली त्याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, हे अण्णाच सगळ्यांना सांगतात. त्या दिवशी हेल्मेटं बाहेर येतात, शपथ होते, फोटो निघतो. पाहुणा फोटोत नसतो. तो काढत असतो.

अण्णांचा खरा अभ्यास बघायचा तर पॉवर प्रेसपाशी जावं. तिला दोन बटणं आहेत. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस खाली येते. म्हणजे ती येताना दोन्ही हात बटणावर, डायखाली एकही नाही. बनवणाऱ्यानं डोकं लढवलं होतं. अण्णांनी त्याच्यावर मात केली आणि डावं बटण सुतळीनं कायमचं दाबून बांधलं. आता प्रेसवरच्या बाळूचा उजवा हात बटणावर आणि डावा जॉब सरकवायला मोकळा. “दोन्ही हात बटणावर ठेवल्यावर जॉब काय पायानं सरकवायचा?” हा त्यांचा बिनतोड सवाल. एकदा बाळूचा हात थोडक्यात बचावला, तेव्हाही पहिला प्रश्न ठरलेलाच: “लक्ष कुठं हुतं रं?” मग त्यांनी त्याला स्वतः चहा पाजला, घरी सोडायला गाडी दिली आणि अर्ध्या दिवसाचा पगारही कापला नाही. माणूस दुष्ट नाही.

यंदा सुट्टीत त्यांचा डिप्लोमाला असलेला नातू काम शिकायला आला. अण्णा त्या दिवशी साडेसातलाच हजर. जाळी खिळ्यावरून उतरली आणि चार बोल्टांनी लेथवर बसली. पेटीत नवं आयोडीन आलं, किल्ली कुलपालाच राहिली. हेल्मेटाची पिशवी अण्णांनी दातानं फाडली. मग चाकू घेऊन प्रेसपाशी गेले, सुतळी कापली आणि पोराचे दोन्ही तळवे धरून दोन बटणांवर ठेवले. “हात उचलायचा न्हाई. प्रेस वर गेल्याशिवाय जॉबला शिवायचं न्हाई. समजलं?” एवढं स्वच्छ प्रशिक्षण कुठल्या निरीक्षकानंही दिलं नसतं. विसांपैकी एकोणीस जण थबकून ऐकत होते.

विसावा, म्हणजे पाहुणा, जमिनीवरची सुतळी उचलून विचारता झाला, “मालक, ही टाकून देऊ?”

“टाकतोस कशाला?” अण्णा म्हणाले. “पोराचं कॉलेज सोमवारी सुरू हुतंय.”